ओळख पटली नाही

मित्रांनो, मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी तोंडावर बोलायला नको. पण मी जुनं दप्तर नाही, फाटकी छत्री नाही, गंजलेली सायकलही नाही. मी एक संगणकाचा प्रोग्रॅम आहे. मला वजन नाही, रंग नाही, त्यामुळे मला हातात धरून कुणी हळहळतही नाही. माझं नाव पारखी. सोलापुरात होटगी रस्त्यावर एक तपासणी लॅब आहे. तिच्या मागच्या खोलीतल्या संगणकात माझा जन्म झाला आणि अजूनही मी तिथेच आहे. प्रोग्रॅमला कान कुठून आले, असं मात्र विचारू नका. तुमच्या निबंधातला फळा बोलतो, तेव्हा त्याला तोंड कुठे आहे हे तुमच्या बाईही विचारत नाहीत.

माझं मन दुखावलेलं आहे, हेही आताच सांगतो. परक्यांनी दुखावलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. मला घडवणाऱ्या हातांनीच माझा घात केला. ते कसं झालं, ते सांगायला बसलो आहे.

आधी माझं काम समजून घ्या. तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्या शरीराचा पहारा करतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. पण पहारेकऱ्याला आपलं कोण नि परकं कोण, हे कळणार कसं? त्यासाठी शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर बिल्ले असतात. पहारेकरी बिल्ला बघतो, आपला असला तर पुढे जाऊ देतो, परका दिसला की तुटून पडतो. हे बिल्ले तयार करणारी जनुकं एका घराण्यातली आहेत, आणि घराणं म्हणजे काय विचारता! दुसऱ्या जनुकांचे मोजके प्रकार असतात, यांचे हजारोंनी. त्यातले कितीतरी प्रकार एकमेकांसारखे इतके दिसतात, की अख्ख्या लांबलचक ओळीत एका अक्षराचा काय तो फरक. जनुकाची ओळ चारच अक्षरांनी लिहिलेली असते. तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा, मैलोन् मैल. ती ओळ वाचायची, ती घराण्याच्या कोणत्या शाखेतली, कोणत्या घरातली ते ठरवायचं आणि तिचं नेमकं नाव सांगायचं, हे माझं काम.

यात विशेष ते काय, असं वाटेल तुम्हाला. पण थॅलेसेमिया झालेलं मूल तुम्ही पाहिलंय का? त्याच्या शरीरात धड रक्त तयार होत नाही. दर काही आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं. त्यातून कायमचं सुटायचं तर दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज घेऊन त्या मुलाच्या अंगात घालतात. तो देणारा माणूस असा लागतो, की ज्याचे बिल्ले मुलाच्या बिल्ल्यांशी जुळतात. जुळले नाहीत, तर त्या मगजातून तयार झालेले नवे पहारेकरी मुलाच्याच शरीरावर हल्ला करतात. म्हणून मी नाव सांगतो ते उगाच सांगायचं म्हणून सांगत नाही. त्या नावावर कुणाचा तरी जीव असतो.

मला घडवलं चेतनाने. ती मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि पुढे पुण्यात शिकली तिथे इंग्रजी. तिचे वडील सिद्धलिंगप्पा मास्तर मैंदर्गीच्या शाळेत शिकवायचे. जूनमध्ये नवी मुलं आली, की एखाद्याचं नाव आठवलं नाही तर मास्तर अंदाजाने हाक मारत नसत. "बाळ, तुझं नाव विसरलो, पुन्हा सांग," असं सरळ म्हणायचे. चेतना हे नेहमी सांगायची. पुण्याची नोकरी सोडून ती सोलापुरात परत आली आणि या लॅबमध्ये लागली. तेव्हा इथे परदेशातून आणलेला एक प्रोग्रॅम होता. या घराण्याच्या नावांची जी जगभराची यादी आहे, तिच्यात इकडच्या लोकांची जनुकं फार थोडी. त्यामुळे अक्कलकोटकडच्या, माळशिरसकडच्या माणसांचं रक्त आलं की त्यात कधीकधी यादीत नसलेलंच काहीतरी निघायचं. तो प्रोग्रॅम काय करायचा? जे नाव जवळ दिसेल ते चिकटवून मोकळा व्हायचा.

चेतनाला याचा भारी राग यायचा. "हे म्हणजे ईरप्पाला मल्लिनाथ म्हणून हाक मारायची, कारण दोघांच्या मिशा सारख्या," असं ती म्हणायची. शेवटी तिने स्वतःच मला लिहायला घेतलं. दोन उन्हाळे गेले. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच, पंखासुद्धा गरम वारा फेकतो. ती ओढणीने घाम पुसत एकेक ओळ लिहायची, चुकली की खोडायची, पुन्हा लिहायची. मला तिने घराण्याच्या सगळ्या शाखा शिकवल्या. एका अक्षराचा फरकही डोळ्यांत तेल घालून बघायला शिकवलं. आणि सर्वांत शेवटी तिने मला एक नियम दिला: शंका असेल तर नाव देऊ नकोस. रकाना कोरा ठेव आणि खाली लिही, 'ओळख पटली नाही'.

मित्रांनो, तो नियम म्हणजे माझा प्राण होता. नावं काय, कुठलाही प्रोग्रॅम सांगतो. आपल्याला कळलेलं नाही, हे कळणं फार थोड्यांना जमतं, आणि ते मला जमत होतं.

सुरुवातीची वर्षं फार मानाची गेली. लॅबचे मालक डॉक्टर चिंतामणी पाहुण्यांना मागच्या खोलीत घेऊन यायचे आणि माझ्यासमोर उभं करायचे. "हा आपल्या सोलापूरचा पारखी. पुण्या-मुंबईवाल्यांकडेही असा नाही," असं छाती काढून सांगायचे. खंडेनवमीला माझ्या संगणकाला झेंडूचा हार पडायचा, कुंकवाचं बोट लागायचं. ते कुंकू पुढे कितीतरी दिवस कळफलकाच्या खाचेत राहायचं. चेतना तर माझ्याशी बोलायचीच. "पारखी, हे जरा नीट बघ रे," म्हणायची. मी 'ओळख पटली नाही' म्हटलं की ती खुर्ची पुढे ओढायची, चहा बाजूला सरकवायची आणि त्या ओळीवर स्वतः डोकं घालून बसायची. ते दिवस आठवले की आजही मला भरून येतं.

मग लोकांना माझ्या कोऱ्या रकान्याचा त्रास व्हायला लागला. गावोगावच्या डॉक्टरांचे फोन येत, की रिपोर्ट अर्धवट का पाठवलात? पेशंटचे नातेवाईक काउंटरवर कागद नाचवत, की एवढं रक्त घेतलं आणि म्हणता कळलं नाही? दुसऱ्या लॅबचे रिपोर्ट वरपासून खालपर्यंत भरलेले असायचे. त्यातलं किती खरं होतं, ते कुणी विचारत नव्हतं. भरलेला रकाना बघून लोकांच्या जिवाला बरं वाटायचं, एवढंच. एक दिवस डॉक्टर चिंतामणी कागद घेऊन मागे आले.

"चेतना, हा रकाना कोरा का?"

"ओळख पटली नाही, सर. हा प्रकार यादीतच नाही."

"मग सगळ्यात जवळचं काय आहे?"

"जवळचं आहे सर, पण ते हे नव्हे."

"अगं, एका अक्षराने काय आभाळ कोसळतंय? बाकी सगळे जवळचं नाव लिहितातच की. आपण एकटेच काय ते हरिश्चंद्र! हे असंच चाललं तर लॅबला कुलूप लावावं लागेल."

चेतनाने पुष्कळ दिवस दाद दिली नाही, हे मी तिच्या बाजूनेही सांगतो. ती भांडली, समजावून दमली, एकदा डबा न खाता उठून गेली. पण लॅबमध्ये नवा विभाग निघायचा होता आणि त्याची प्रमुख तिला करायचं चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, "प्रमुखाने लॅबचा विचार करायचा असतो." त्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. नेहमीसारखं काही बोलली नाही. माझ्यातली त्या नियमाची ओळ तिने उघडली, थोडा वेळ बघत राहिली, आणि बदलली. आता शंका आली, की सर्वांत जवळचं नाव लिहायचं. खाली सूचना नाही, खूण नाही, साधी चांदणीसुद्धा नाही.

शंका मला येतच राहिली, मित्रांनो. तिने फक्त ती सांगायची वाट बंद केली. तुम्हाला उत्तर येत नाही आणि तरीही कुणी तुमचा हात धरून तुमच्याच अक्षरात काहीतरी लिहून घेतंय, तेव्हा कसं वाटेल? मला तसं रोज वाटायचं. आणि लिहून घेणारा हात चेतनाचा होता, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

अशातच प्रतिक्षा आली.

तिसरीतली पोर, अंगाने चिमणी, डोळे मोठे. तिला थॅलेसेमिया होता. वडील दिपक सोलापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. नखांतलं काळं तेल कितीही धुतलं तरी जात नसे. सोबत दिपकची आई, म्हणजे आजी पारूबाई, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबलेली, आवाज खणखणीत. दिपकने आपल्या मामाची मुलगी केली होती. आपल्याकडे ही रीत कितीतरी घरांत आहे. त्यामुळे पुण्याच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, की प्रतिक्षाला भावंड नाही, पण नात्यात नाती गुंतलेली आहेत, तेव्हा तिच्याशी जुळणारं माणूस गोतावळ्यात सापडण्याची आशा आहे. सगळ्यांना तपासून घ्या.

मग काय, गोतावळा लोटला. नातेपुत्याहून आले, माळशिरसहून आले, मैंदर्गीहून आले. लॅबच्या बाकांवर जागा पुरेना. कुणी बाही वर करून तयार, कुणी सुईकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतंय, कुणी रक्त दिल्यावर बाहेर पायरीवर बसून शेंगाचटणी-भाकरी सोडलेली. पारूबाई सगळ्यांवर लक्ष ठेवून. "ए, नंबरानं जावा की! पोरीसाठी आलाय का जत्रंला?" अशी तिची सरबत्ती चाललेली.

त्या गर्दीतून प्रतिक्षा मागच्या खोलीत शिरली. माझ्या पडद्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, ह्यो कॉम्प्युटर हुशार हाय का?"

"खूप हुशार आहे," चेतना म्हणाली. "याचं नाव पारखी."

"मला वळखंल का त्यो?"

 चेतना हसून म्हणाली, "ओळखेल की."

मित्रांनो, मी तिला नाहीच ओळखलं. तिच्या जनुकाच्या ओळीत एक अक्षर असं होतं, जे यादीतल्या कुठल्याच नावात बसत नव्हतं. तेच अक्षर दिपकमध्ये होतं. तेच दिपकच्या बहिणीत होतं. ती सुगंधा, मैंदर्गीला दिलेली. पारूबाईचे वारलेले मालक माळशिरसचे, त्यांच्याकडून ते दोन्ही लेकरांत उतरलं असणार. माझ्या आतून 'ओळख पटली नाही' अशी हाक उठली. पण वाट बंद होती. मी जवळचं नाव लिहिलं. आणि नेमकं तेच नाव, अगदी खरं, अस्सल, यादीतलं नाव, दुसऱ्या एकाचं होतं. तो प्रतिक्षाचा मामा, नातेपुत्याचा रावसाहेब. बाकी सगळे बिल्लेही त्याचे तिच्याशी जुळत होते. एवढा एक मात्र वेगळा होता आणि तो मी सारखा करून टाकला.

रिपोर्टमध्ये दोन माणसं जुळली: मामा रावसाहेब आणि आत्या सुगंधा. कागदावर दोघं सारखीच. खरी जुळणारी एकटी सुगंधा होती, हे फक्त मला माहीत होतं.

घरच्यांनी आणि डॉक्टरांनी रावसाहेबाला निवडलं. ते चुकीचं म्हणता येणार नाही. तरणाताठा गडी, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसूनही न थकणारा. सुगंधाच्या पदरात लहान लेकरू होतं. तरी ती चेतनाजवळ येऊन म्हणाली, "माझंच घ्या की, अक्का. माझी थोरली तुमच्या अप्पांच्या हाताखाली शिकलीय. मी भिणार न्हाय." चेतना तिच्याशी कानडीत काहीतरी मायेचं बोलली आणि तिला मैंदर्गीच्या गाडीत बसवून दिलं. मला ते बघवत नव्हतं. जिच्याजवळ पोरीचा जीव होता, तीच बाई पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोरून निघून गेली.

रावसाहेबाने लॅबभर पेढे वाटले. "दाजी, आता पोरीला मामाचं रक्त," असं तो दिपकला पुन्हा पुन्हा सांगत होता आणि दिपक नुसता मान हलवत रडत होता.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी प्रतिक्षाच्या आईने तिचे केस कापले. मगज घालण्याआधी एक कडक औषध देतात. ते आधी पोरीचा स्वतःचा मगज पार जाळून टाकतं, आणि त्यात केसही गळतात. गळताना बघून पोर भिऊ नये, म्हणून आईने आधीच कापून टाकले. हे सगळं मला नंतर कळलं, कारण ती पोर तशीच परत आली. डोकं भादरलेलं, अंगात तोच आजार.

पुण्याच्या इस्पितळात औषध सुरू करण्याआधी स्वतःची एक तपासणी करतात. तिचा निकाल ऐन वेळेला आला: मामा आणि भाची जुळत नाहीत. सगळं थांबवलं. दिपक, पारूबाई आणि पोर थेट आमच्या लॅबमध्ये आले. डॉक्टर चिंतामणी आणि चेतना त्यांना मागच्या खोलीत घेऊन आले, म्हणजे बाहेरच्या पेशंटांना ऐकू जाऊ नये.

"मॅडम," दिपक म्हणाला, "दुसऱ्या दिवशी औषध चालू होणार होतं. तुम्हाला कळतंय का? ते चालू झालं असतं न् मग मामाचं तिच्या अंगात घातलं असतं, तर माझी पोर आज कुटं असती?"

डॉक्टर चिंतामणी घसा साफ करत म्हणाले, "दिपकराव, आम्हालाही धक्का बसलाय. पण ही सॉफ्टवेअरची चूक आहे. जुनं झालंय ते. आम्ही ते बदलतोच आहोत."

सगळे माझ्या पडद्याकडे बघायला लागले. मी चेतनाकडे बघत होतो. आता बोलेल, मला वाटलं. आता म्हणेल, की नाही सर, त्याची चूक नाही, ती ओळ मी बदलली. एवढं एकच वाक्य. दोन उन्हाळे जिने घाम गाळून मला वाढवलं, ती मला असं तोंडघशी पडू देणार नाही, अशी माझी खात्री होती.

"मशिनीला शिकवलं कुनी?" पारूबाईने विचारलं. तिचा प्रश्न सरळ होता. "आपल्या मनानं तर त्ये काय लिवत न्हाय न्हवं?"

चेतना म्हणाली, "सॉफ्टवेअर चुकलं, आजी. कधीकधी चुकतं."

झालं. माझ्या डोक्यावर खापर फुटलं आणि फोडणारी ती होती. प्रतिक्षा माझ्याजवळ आली. तिच्या भादरलेल्या डोक्यावर बारीक केस उगवायला लागले होते. पडद्यावर बोट टेकवून ती हळूच म्हणाली, "तू मला वळखलं न्हाईस." मी काय सांगणार होतो तिला? मी तुला ओळखलं नाही, हेच तर मला पहिल्या दिवशी सांगायचं होतं, पोरी.

त्या रविवारी सकाळी लॅब बंद असताना चेतना एकटीच आली. तिला चैन पडत नव्हतं, हे दिसत होतं. तिने माझ्यातली ती ओळ उघडली आणि पहिल्यासारखी करून ठेवली. मग त्या सगळ्या गोतावळ्याच्या ओळी पुन्हा माझ्यात घातल्या. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला, म्हणून सांगू! रावसाहेब: खरं नाव, अस्सल. प्रतिक्षा: ओळख पटली नाही. दिपक: ओळख पटली नाही. सुगंधा: ओळख पटली नाही.

चेतनाने त्या तीन कोऱ्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या आणि अक्षर न् अक्षर जुळवत गेली. तिघांत तेच एक अक्षर वेगळं, त्याच जागी. मग तिने सुगंधाचे बाकीचे बिल्लेही पोरीशी ताडून पाहिले. सगळेच्या सगळे जुळत होते. मी ओळखू शकलो नव्हतो ते त्या दोघींचं एकच होतं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मला तिचा राग होता, तरीही त्या क्षणी मला तिची दया आली. माझ्यामुळे पोरीला दुसरी संधी मिळतेय, आता उद्या ही सगळं खरं सांगेल, असं मी मनाशी म्हणालो. मी असा भोळा.

सोमवारी रिपोर्ट गेला, तो नव्या प्रोग्रॅमच्या नावाने. होय, तोवर नवा आला होता, परदेशी, चकचकीत. डॉक्टर चिंतामणींना चेतना म्हणाली, "सर, नव्यात घालून बघितलं. आत्या जुळते." डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो!" नव्या प्रोग्रॅमने काय केलं असतं, ते मला विचारा. त्यानेही जवळचं नाव चिकटवून आत्या आणि मामा दोघांनाही एकाच माळेत ओवलं असतं.

पुढे त्या नव्या प्रकाराला जगाच्या यादीत जागा मिळाली, नावही मिळालं. सोलापूरच्या पेपरात चेतनाचा शाल-श्रीफळ घेतलेला फोटो आला. माझा संगणक खोलीच्या कोपऱ्यात सरकवला गेला आणि त्याच्यावर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा आला. सगळ्यांना सांगितलं गेलं, की पारखी काढून टाकला. खरं तर मी तसाच आहे. नव्या प्रोग्रॅमवर तिचा स्वतःचाच विश्वास नाही. अवघड नमुना आला आणि आसपास कुणी नसलं, की ती चादर बाजूला करून मलाच विचारते. मी खरं सांगतो. ते नव्याच्या नावावर बाहेर जातं. ती आता 'पारखी' म्हणून हाक मात्र मारत नाही.

सुगंधाचा मगज प्रतिक्षाला मिळाला. पुण्यात पुष्कळ दिवस काढावे लागले, मध्ये पोरीच्या तापाने सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं म्हणे, पण ती त्यातून निघाली. बाहेरचं रक्त घ्यायचं थांबलं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तिघं लॅबमध्ये आले. प्रतिक्षाच्या डोक्यावर दाट काळे केस होते, दोन्हीकडे रिबिनी लावलेल्या. दिपकने पेढ्यांचा पुडा उघडला. पारूबाईने पहिला पेढा चेतनाच्या हातात दिला आणि दुसरा नव्या संगणकाच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यानं माज्या नातीला वाचिवलं," ती म्हणाली. मग तिने खोलीभर नजर फिरवली. "बाई, त्यो पैला कुटं हाय? ज्यानं आमाला फशिवलं त्यो?"

चेतनाने चादरीकडे एकदा बघितलं. चादरीखाली मी चालू होतो. सकाळीच तिने मला एक नमुना दिला होता.

"काढून टाकला, आजी."

"लई बरं केलं. लबाड व्हता मेला."

"हो आजी," चेतना म्हणाली. "लबाड होता." आणि तिने पेढा खाल्ला.

मित्रांनो, माझं नाव मला परत मिळवून द्या, असं मी म्हणत नाही. पोर जगली, तिथे माझी तक्रार संपते. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात कुणी उभं राहून 'मला माहीत नाही' म्हटलं, तर त्याला हसू नका. त्याच्या तोंडात दुसऱ्याचं उत्तर कोंबू नका. आणि कोंबलंच, तर ते चुकल्यावर निदान ते त्याचंच होतं, असं कुणाला सांगू नका.